न विचारलेली कारणं

४ जानेवारी

सुईबाई,

परवा फोनवर "वन्सं, तुम्हाला एक सांगायचंय" म्हणालीस आणि मग पंधरा मिनिटं गॅसच्या शेगडीबद्दल बोलत बसलीस. शेगडी पेटत नाही ही बातमी सांगायला कुणी एवढे आवंढे गिळत नाही. उभा जन्म विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेला माझा. भावजय काही लपवते आहे हे मला कळणार नाही?

तर आता सगळं नीट लिहून कळव. आणि फोन करू नकोस. रिसीव्हर लावला की कानात दडा बसतो. वयानुसार होतंच म्हणे, शिवाय तुझ्या लॅबमधलं ते यंत्र मागे सतत घरघरत असतं. पत्र बरं. पत्रात तू माझ्या वाक्याच्या मधे बोलू शकत नाहीस.

माझं उत्तम चाललंय. नवीन सपाता घेतल्या त्या एका धुण्यात आटल्या. दुकानदार चोर आहे, दुसरं काय. बाकी दोन जिने, एक खिडकी आणि मी.

लवकर लिही.

तुझी नणंद
(नणंदा विषारी असतात म्हणतात, त्यातली)

———

१२ जानेवारी

आदरणीय वन्सं,

शेगडी खरंच पेटत नव्हती. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

आमच्या इस्पितळात दर महिन्याला पन्नाशीचे एक गृहस्थ तपासणीसाठी रक्त द्यायला येतात. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या, आणि तपासणीही कायमची. त्यांच्या शिरा फार खोल आहेत. आधीच्या मंडळींनी टोचून टोचून हात काळानिळा केला होता. माझ्यापुढे बसले तेव्हा नुसतंच म्हणाले, "चुकलात तरी चालेल."

मी नेहमीसारखे डोळे मिटले. पट्टा बांधूनही जी शीर दिसत नाही ती डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नसतो. बोट टेकवायचं आणि थांबायचं. बोटाखाली काहीतरी हळूच दबतं आणि परत वर येतं. का तिथे, ते मला सांगता येत नाही, पण एकदा लागलं की लागलं. त्यांना दुसऱ्यांदा कधी टोचावं लागलं नाही.

ते होड्या दुरुस्त करतात. वडिलांची जुनी शेड एका तळ्याकाठी आहे, तिथे आता कायमचे परत जाणार आहेत. गेल्या महिन्यात बाही खाली करत म्हणाले, "मी तळ्यावर राहायला जातोय. तुम्ही येता का?" मी म्हटलं, घरी येऊन रक्त घ्यायचं असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "लग्न करून, म्हणतोय मी."

वन्सं, कापूस हातातून पडला माझ्या.

तळ्याजवळच्या दवाखान्यात रक्त घेणारी बाई हवी आहे, मार्चपासून. पण इथली कायमची नोकरी सोडली की क्वार्टरही सोडावी लागते. परत यायला खोलीसुद्धा उरणार नाही. तुमच्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली. आमचा संसार झाला तो याच दोन खोल्यांत. मन हो म्हणतंय, अगदी शीर लागावी तसं. पण राजीनाम्यावर सही करायला बसले की हात अडतो. फेब्रुवारीअखेर सांगायचंय. माझं तुमच्याशिवाय आहे कोण? तुम्ही सांगा.

जाता जाता एक गंमत. नव्याने शिकायला आलेल्या एका बाईंनी पेशंटची नाडी भलतीच जोरात आहे म्हणून आरडाओरडा केला. पेशंट तर शांत घोरत होता. बघते तर बाईंनी अंगठा लावलेला. अंगठ्याची स्वतःची नाडी असते, म्हणून अंगठ्याने दुसऱ्याची बघू नये. त्या घाबरलेल्या होत्या आणि स्वतःचीच मोजत बसल्या होत्या!

तुमची,
सुईबाई

———

२० जानेवारी

सुईबाई,

पत्र तीनदा वाचलं. आता स्पष्ट लिहिते, मग तू रड नाहीतर राग धर.

नको.

माझं मन सांगतंय की नको, आणि माझ्या मनाने कंपनीचे लाखो वाचवलेत. अगं, ज्याच्या छातीत लोखंडी झडप टिकटिकते आहे त्याचा विमासुद्धा मी उतरवला नसता, आणि तू जन्म उतरवायला निघालीस? एकदा पोळली आहेस. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तू तर उकळतं दूध घेऊन पुन्हा तयार. तळ्याकाठी ओल असते. शेडमध्ये उंदीर असतात. हा माणूस पन्नाशीला एकटा का? काही कारण असणारच.

तुला आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. खोटं बोलणारा पकडायचा तर त्याच्या उत्तरांकडे बघू नये, त्याने न विचारता काय सांगितलं ते बघावं. एकाच्या गोदामाला आग लागली. मी विचारलं, माल किती होता? तो म्हणाला, आग लागली तेव्हा मी मामाकडे होतो, कारण मामाला ताप होता, कारण मामी गावाला गेली होती. मी विचारलं होतं का तो कुठे होता? तिथेच सापडला. न विचारता जिथे कारण येतं, तिथे खणावं. तुझा होडीवाला न विचारता काय काय कारणं देतो ते नीट ऐक आणि मला कळव.

मी मजेत. झोप छान लागते. हल्ली तीन उशा घेते, म्हणजे रात्री वाचायला सोपं पडतं, आणि तशाही त्यातल्या एका उशीचा कापूस गोळा झालाय.

सही करू नकोस.

वन्सं

———

१ फेब्रुवारी

आदरणीय वन्सं,

रागावले नाही. पण घाबरले आहे.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. रविवारी त्यांच्याबरोबर तळ्यावर जाऊन आले आणि सारखे कान टवकारून बसले. वन्सं, ते कारणं देतच नाहीत. शेडचं छप्पर गळतं, ते मला नेऊन दाखवलं. गळतं, एवढंच म्हणाले. मी धीर करून विचारलं, तुम्ही एकटे का? म्हणाले, "होती बायको. सोडून गेली. मी फार कमी बोलतो." बस्स. पुढे बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले, तर ते होडीच्या फटीत डांबर भरायला लागले. मलाही एक फट दिली भरायला. दिवसभर तिथे होते आणि पोटात एकदाही काही हललं नाही. दवाखानाही बघितला. छोटा आहे, उजेड चांगला आहे.

पण घरी परतले, दिवा लावला, टेबलावर तुमचं पत्र होतं ते पुन्हा उघडलं, आणि पोटात जो खड्डा पडला तो अजून भरलेला नाही. जेवण जात नाही. काहीतरी वाईट होणार आहे असं वाटत राहतं आणि काय ते कळत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालंय. काल दोन पेशंटच्या शिरा चुकले. मी! एक आजोबा म्हणाले, "राहू द्या बाई, आज तुमचं रक्त तपासून घ्या."

तुमचं खरं असेल का? आतून कुणीतरी नको नको म्हणतंय ते हेच असेल का? राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. रोज पर्स जड लागते.

तुमची,
सुईबाई

———

९ फेब्रुवारी

सुईबाई,

मग आता आणखी काय पुरावा हवा? पोट बोलतं ते ऐकावं. तिथे दिवसभर बरं वाटलं कारण तिथे तो होता, डांबर होतं, पाणी होतं. जत्रेत सगळ्यांनाच बरं वाटतं. घरी आलीस आणि अक्कल परत आली. जिथे पोटात गोळा येतो तिथून पाय मागे घ्यावा, आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

बिचारा वाईट नसेलही. पण तू गेलीस की गेलीसच. सणवार सोड, साधं तुझं पत्रसुद्धा मग कुणाच्या तरी होडीतून येणार. नाही म्हणून टाक. तुझी झोप परत येईल, बघ.

हे पत्र दोन बैठकांत लिहिलं, कारण पेन मधेच अडतं. दूध हल्ली खालच्या मजल्यावरची शिंपीण वर आणून देते. मी सांगितलं नव्हतं, तिलाच चालायला आवडतं. रात्री आरामखुर्चीतच झोपते, खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून. सपाता शेवटी कापून मागून उघड्या केल्या, आता छान होतात.

लगेच कळव.

वन्सं

———

१६ फेब्रुवारी

वन्सं,

आज नाही म्हणून आले.

ते पुठ्ठ्याच्या खोक्यांत हत्यारं भरत होते. ऐकून घेतलं. कारण विचारलं नाही. मी मात्र दहा सांगितली. शेवटी म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझं रक्त कोण घेणार, याची मला काळजी आहे." हसवायला म्हणाले असतील. मला हसू आलं नाही.

राजीनामा फाडला. आता सगळं पूर्वीसारखं आहे. नोकरी आहे, क्वार्टर आहे, शेगडीही दुरुस्त झाली.

पण वन्सं, गोळा गेला नाही. नाही म्हटल्यावर जायला हवा होता ना? उलट वाढलाय. मला कळत नाही मी कशाला घाबरते आहे.

सुईबाई

———

१७ फेब्रुवारी, पहाटे

वन्सं,

हे पत्र तुमच्या हाती पडायच्या आधी मीच दारात असेन. तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

आज उठल्या उठल्या तुमची तिन्ही पत्रं टेबलावर मांडली. तळ्यावर पोटात काही नव्हतं. त्यांच्या शेजारी बसले तेव्हा काही नव्हतं. खड्डा पडतो तो दर वेळी या टेबलाशी, तुमचं पत्र वाचताना. मला वाटत होतं तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिता त्याने पडतो. म्हणून त्यांच्यावरच्या ओळी सोडून उरलेलं वाचलं.

मी तुम्हाला सपातांबद्दल कधी विचारलं होतं?

उशा किती घेता, हे विचारलं होतं? कानाचं? दुधाचं? खुर्चीचं? पेनाचं? न विचारता जिथे कारण येतं तिथे खणावं, हे तुम्हीच लिहिलंत, आणि त्याच पत्रात शेवटी तीन उशा. सपाता आटल्या नाहीत, वन्सं. पाय सुजलेत. आडवं पडलं की जीव घुसमटतो म्हणून उशा, उशांनी भागेना म्हणून खुर्ची. जिना उतरवत नाही. आणि फोन नको, कारण फोनवर मला तुमची धाप ऐकू आली असती. मी डॉक्टर नाही, पण असे पाय घेऊन आलेली माणसं मी रोज बघते.

सकाळच्या गाडीत जागा नाही, ती कालच भरली म्हणे. त्यांना फोन केला. काल ज्यांना नाही म्हटलं त्यांनाच. "टेम्पो घेऊन येतो" म्हणाले आणि फोन ठेवला. हॉर्न ऐकू येतोय.

खुर्चीतून उठू नका. शिंपिणीकडे किल्ली आहे ना?

सुईबाई

———

२२ मार्च

सुईबाई,

तुझं ते पहाटेचं पत्र शिंपिणीने जपून ठेवलं होतं, काल इस्पितळातून घरी आल्यावर दिलं. माझ्या पत्रांची अशी चिरफाड कंपनीच्या साहेबांनीही कधी केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जन्मभर लोकांची लपवलेली दुखणी शोधली आणि स्वतःचं लपवताना त्यांच्याहून भिकार लपवलं.

तू आत आलीस, खाली बसून माझ्या नडगीवर बोट दाबलंस. बोट काढलं तरी तिथे खळगा तसाच राहिला. तुझा चेहरा बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर मी स्वतःला सांगत होते की सपाताच आटल्या आहेत. खरंच सांगत होते गं. विश्वासही बसला होता. हृदयाचा पंप थकलाय आणि अंगात पाणी साठलंय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे आत कुठेतरी ठाऊक होतंच. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी फाईलच मिटली. पुढचं मी विचारलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू तो विषय कधी काढला नाहीस म्हणून मीच काढते.

तू खाली शिंपिणीला निरोप सांगायला गेलीस तेव्हा एक माणूस वर आला. मला खुर्चीसकट उचललं आणि जिना उतरायला लागला. मला वाटलं ॲम्ब्युलन्सचा आहे. धाप लागलेली, तरी तोंड बंद ठेवेन ती मी कसली! दोन्ही जिने मी त्याला सांगत होते, की माझी एकच एक भावजय आहे, लाखात एक आहे, आणि तिच्या मागे एक होडीवाला लागलाय, तो तिला तळ्यात बुडवणार आहे. तो शांतपणे म्हणाला, "हो का? डोकं जरा खाली घ्या, इथे चौकट आहे."

आणि मी डोकं खाली घेतलं. सुईबाई, वळणावर खुर्ची तिरकी झाली, खाली नुसता जिना दिसत होता, आणि मला भीती वाटली नाही. त्या हातांत मी निर्धास्त होते. कोण आहे हे ठाऊक नव्हतं म्हणूनच बहुधा. टेम्पोत तू त्याच्याशेजारी बसलीस आणि तुझ्या पर्सचा पट्टा त्याने दारातून सोडवला, तेव्हा मला कळलं कोण ते. लाज वाटायला हवी होती. बरं वाटलं.

मी तुला लिहिलं होतं, माझं मन सांगतंय की नको. माझं मन त्याच्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. मी त्याला बघितलं तरी कुठे होतं? मला दिवसेंदिवस श्वास पुरत नव्हता, रात्री एकटी खुर्चीत बसून उजाडायची वाट बघत होते, आणि तू निघालीस तर माझं माणूस म्हणावं असं कुणी उरत नव्हतं. ती धडधड माझी होती. मी तुझ्या मनगटावर अंगठा ठेवला, आणि तुझी नाडी म्हणून माझीच मोजून तुला कळवत राहिले.

इतके दिवस रजा काढून माझ्या उशाशी राहिलीस. तो आठवड्यातून एकदा तेवढं अंतर तोडून यायचा, महिन्याचं रक्त दर आठवड्याला काढून घ्यायला हात पुढे करायचा आणि जायचा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, बसा. बसला. तासभर त्याला गोदामाच्या आगीची गोष्ट सांगितली. बरा आहे गप्प माणूस, माझी वाक्यं पुरी होतात.

हा सल्ला नव्हे. सल्ले द्यायचं मी बंद केलंय. फक्त तुझं बोट परत लावून बघ. आणि या वेळी माझं पत्र समोर ठेवू नकोस.

वन्सं

———

५ एप्रिल

आदरणीय वन्सं,

तुमचं पत्र कपाटात ठेवलं, कपाट बंद केलं आणि मग सही केली. हात अडला नाही.

भीती आहे हं. खोटं कशाला सांगू. त्यांची झडप, गळकं छप्पर, क्वार्टरची किल्ली परत करताना काय वाटेल, सगळ्याची आहे. रात्रभर बडबडते माझ्याशी. पण ती वेगळी आणि फेब्रुवारीतला तो खड्डा वेगळा. तो काही बोलतच नव्हता, नुसता होता. तुमच्या पायाची सूज उतरली त्या दिवशी मी इस्पितळाच्या कँटीनमध्ये दोन ताटं जेवले, तेव्हाच कळलं की तो गेला.

ते म्हणतात, दवाखान्यातली जागा अजून रिकामीच आहे, तिकडे दुसरं कोण जातंय? लग्न कचेरीत, साक्षीदार दोन लागतात. एक त्यांचा सुतार मित्र. दुसरा मी ठरवायचा आहे.

आणखी एक. शेडशेजारच्या घरात खालची खोली आहे. पाण्याकडे खिडकी आहे. परवा गेले तर ते दाराचा उंबरा काढत होते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "वन्सं." एवढंच.

राहायलाच या असं म्हणत नाही. दोन जिने तुमचे, खिडकी तुमची. पण साक्षीदार म्हणून तरी या. नंतरचं नंतर बघू.

तुमची,
सुईबाई

———

११ एप्रिल

सुईबाई,

येते. कारण देत नाही.

नव्या सपाता घेतल्या, त्याच मापाच्या. चोर दुकानदाराची माफी मागितली, तो बिचारा गोंधळून गेला.

उंबऱ्याचं तेवढं दोनदा वाचलं. भीती मलाही वाटते, एवढा प्रवास, परकं घर, रात्री काही झालं तर. पण वाटते ती माझीच आहे हे आता ओळखता येतं, आणि ती घेऊनच निघेन म्हणते.

आता पत्र नको पाठवूस. पोचायला फार वेळ लागतो. रविवारी सकाळी फोन कर. कानाला कधीच काही झालं नव्हतं. बोलता बोलता मी मधेच थांबले तर घाबरून फोन ठेवू नकोस. दम घेत असेन. ऐकू दे तुला.

वन्सं